शंभर वेळा मरायला लावणारे खेळ: घ्यावेत का, कोणता घ्यावा, कसा खेळावा?

‘पैसे मोजून मरायचंच असेल, तर खेळायचं कशाला?’ रोहा स्टेशनवर दिवा गाडीची वाट बघताना, धाटावच्या कंपनीच्या बसमध्ये, गणपतीत पेणला पाहुण्यांच्या घरी, हा प्रश्न मला वेगवेगळ्या माणसांनी जवळपास याच शब्दांत विचारला आहे. कोणी ‘एल्डन रिंग’ घेऊन तिसऱ्या दिवशी सोडून दिलेला असतो. कोणाच्या मुलाने ‘डार्क सोल्स’ मागितलेला असतो आणि पडद्यावरचे सांगाडे बघून घरचे बुचकळ्यात पडलेले असतात. कोणाचा लॅपटॉप जुना, तर कोणाचे पैसे स्वस्तातल्या अकाउंटच्या नादात गेलेले. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो. मी हे खेळ बरीच वर्षं खेळतो आहे आणि ते मला मनापासून आवडतात. तरी ते प्रत्येकाने घ्यावेत असं मला वाटत नाही. हे वाचून ‘आपल्याला नको’ असं ठरवलंत, तर तुमचे काही हजार रुपये वाचले.

हे खेळ म्हणजे नेमके कोणते?

टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने 2009 मध्ये ‘डेमन्स सोल्स’ काढला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. 2011 मध्ये ‘डार्क सोल्स’ आला आणि या प्रकाराला नावच ‘सोल्स’ पडलं. पुढे ‘ब्लडबोर्न’ (2015), ‘डार्क सोल्स 3’ (2016), ‘सेकिरो’ (2019) आणि ‘एल्डन रिंग’ (2022) आले. ‘एल्डन रिंग’च्या तर 3 कोटींवर प्रती खपल्या आहेत, म्हणजे हे मूठभर हौशी लोकांचं वेड राहिलेलं नाही.

खेळायला बसण्याआधी चार नियम माहीत हवेत:

- फ्रॉमसॉफ्टवेअरच्या या खेळांत ‘सोपा, मध्यम, अवघड’ अशी निवड नसते. सगळ्यांना एकच खेळ.
- शत्रू मारून मिळालेली कमाई (डार्क सोल्समध्ये ‘सोल्स’, एल्डन रिंगमध्ये ‘रून्स’) तुम्ही मेलात की त्याच जागी पडते. परत जाऊन उचलायची एकच संधी मिळते. वाटेत पुन्हा मेलात तर ती कायमची गेली.
- विसाव्याच्या जागी (‘बॉनफायर’ किंवा ‘ग्रेस’) बसलात की औषधाच्या कुप्या भरतात, पण मारलेले शत्रूही उठून उभे राहतात.
- डार्क सोल्स आणि एल्डन रिंगमध्ये खेळ मध्येच थांबवता येत नाही. मेनू उघडला तरी शत्रू चालतच येतो. ‘सेकिरो’मध्ये मात्र थांबवता येतो.

मग आवडण्यासारखं आहे काय त्यात?

आपल्या रायगडात कबड्डी सगळ्यांना कळते, म्हणून तिथूनच सांगतो. चढाईला गेलेला खेळाडू पहिले काही क्षण फक्त बघतो. कोपऱ्यावाला कुठे उभा आहे, मधला कधी पुढे सरकतो, साखळी कुठे सैल आहे. मग एक गडी टिपतो आणि रेषेकडे वळतो. दुसऱ्या गड्याचा मोह झाला की कोपऱ्यावाला घोटा धरतो आणि चढाई संपते. सोल्स खेळांतली लढाई अशीच आहे. बघा, एक घाव घाला, मागे या. आम्ही खेळणारे म्हणतो, ‘हाव नडली.’ माझी निम्मी मरणं त्या एका जादा घावापायी झाली आहेत.

एल्डन रिंगमधला मार्गिट घ्या. वादळी किल्ल्याच्या वाटेवर, पुलावर उभा असलेला हा पहिला मोठा अडथळा. तो काठी वर उचलतो आणि धरून ठेवतो. तुमचा अंगठा घाबरून आधीच कोलांटीचं बटण दाबतो. तुम्ही कोलांटी संपवून उठत असता आणि नेमकी तेव्हा काठी डोक्यात बसते. हे पंधरा वेळा होतं. सोळाव्या वेळी लक्षात येतं की काठीकडे बघायचंच नाही, खांद्याकडे बघायचं. खांदा खाली आला की मगच कोलांटी. पुढे तो सोन्यासारखा चमकणारा सुरा काढतो, तो वेगळ्या तालावर येतो. मग प्रकाशाचा हातोडा, त्याचा ताल आणखी वेगळा. पेणच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकणाऱ्याचा हात जसा बसत जातो, तसा तुमचा हात बसतो. तो दिवस येतो तेव्हा मार्गिट जुनाच असतो, त्याची ताकद तेवढीच असते. बदललेले असता तुम्ही, आणि ते तुम्हाला स्वतःला स्पष्ट जाणवतं. आजवर कुठल्याही सोप्या खेळाने मला ही भावना दिली नाही.

खेळ अवघड असला तरी बहुतेक वेळा तो अन्याय करत नाही. मेलात तर ‘का मेलो’ याचं उत्तर जवळपास दर वेळी मिळतं. ज्या दिवशी ते मिळेनासं होतं, तो दिवस खेळ बंद करण्याचा.

मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. यातलं इंग्रजी जुनाट वळणाचं आणि कोड्यात बोलणारं आहे, कथा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते. मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलं आहे की, लहानपणी ते इंग्रजी पुस्तकं वाचत, सगळं कळत नसे आणि न कळलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरत. त्यांच्या खेळांची कथा अर्धवट का वाटते, याचं मूळ तिथे आहे. तेव्हा सगळं कळलं नाही म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका.

घेण्याआधी स्वतःला हे विचारा

1. हरल्यावर तुम्हाला ‘पुन्हा बघू’ वाटतं की दिवसभराची चिडचिड होते? दुसरं असेल तर सध्या थांबा.
2. सलग तास-दीड तास मिळतो का? दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत हे खेळ हाती लागत नाहीत.
3. कथा सरळ सांगितलेली हवी आहे का? मग हा प्रकार तुमचा नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ (2020) बघा. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट, निवेदन दुर्गा आणि विष्णूचं. लढाई आहे, पण जीव काढणारी नाही.
4. कोणाला तरी खेळताना अर्धा तास बघितलं आहे का? जाहिरातीचा तुकडा नको, न कापलेला खेळ बघा. त्याच्या पाचव्या मरणापर्यंत तुमचा रस टिकला, तर घ्या.

पहिला खेळ कोणता?

- होलो नाइट (2017): ऑस्ट्रेलियातल्या तीन-चार जणांनी हाताने काढलेलं किड्यांचं राज्य. हा सपाट, बाजूने दिसणारा खेळ. काटेकोर व्याख्येत तो या प्रकारात बसत नाही, पण स्वभाव तोच. 4 जीबी रॅमच्या जुन्या मशिनवरही चालतो. स्वस्त आहे. शंका असणाऱ्याने इथून सुरुवात करावी.
- एल्डन रिंग: बहुतेकांना मी हाच सुचवतो. मोकळं रान आहे. एका जागी अडलात तर दुसरीकडे जा, ताकद वाढवून परत या. मदतीला आत्मे बोलावता येतात, दुसऱ्या खेळाडूलाही हाक मारता येते.
- डार्क सोल्स रीमास्टर्ड (2018): जुना, संथ, पण नकाशाची रचना अजोड. मशीन बेताचं असेल तर चांगला.
- लाइज ऑफ पी (2023): कोरियन कंपनीचा. जून 2025 पासून त्यात सोप्या पातळीची सोय आली आहे. ‘मला हे जग बघायचं आहे, छळ नको’ असं म्हणणाऱ्यांसाठी.
- सेकिरो: यापासून सुरुवात करू नका. इथे कोणी मदतीला येत नाही.

‘ब्लडबोर्न’ फक्त प्लेस्टेशन 4 साठी निघाला आहे (5 वरही चालतो). त्याची अधिकृत पीसी आवृत्ती नाही. कोणी पेनड्राइव्हवर देतो म्हणाला, तर घेऊ नका.

मशीन, डेटा आणि लाईट

‘एल्डन रिंग’ला पीसीवर किमान 12 जीबी रॅम, जीटीएक्स 1060 दर्जाचं ग्राफिक्स कार्ड आणि 60 जीबी जागा लागते. ऑफिसच्या कामाच्या साध्या लॅपटॉपवर तो चालणार नाही. दुकानदार ‘चालेल हो’ म्हणाला, तरी खेळाच्या पानावरची ‘किमान गरज’ स्वतः वाचा.

मोबाइलचा रोजचा 2 जीबी डेटा वापरून 60 जीबी उतरवायला पुरा महिना जाईल. घरी फायबर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मशीन नेऊन उतरवा. कन्सोल घेणार असाल तर डिस्क ड्राइव्ह असलेलाच घ्या. बिनड्राइव्हच्या कन्सोलवर जुनी डिस्क घेता येत नाही, मित्राची आणता येत नाही आणि खेळून झालेला खेळ विकताही येत नाही.

आता लाईट. जुलैत कुंडलिकेवरून वारा सुटला की आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. हे खेळ सतत आपोआप सेव्ह होत राहतात. सेव्ह होतानाच वीज गेली तर फाइल बिघडू शकते. अशाच एका पावसाळी संध्याकाळी माझा चाळीस तासांचा खेळ गेला. डेस्कटॉप होता, यूपीएस नव्हता, चूक माझीच. तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो:

- डेस्कटॉप किंवा कन्सोल यूपीएसवर. घरात इन्व्हर्टर असला तरी वीज बदलतानाच्या क्षणात मशीन बंद पडू शकतं, म्हणून मध्ये यूपीएस हवाच.
- आठवड्यातून एकदा सेव्ह फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर. प्लेस्टेशनवर क्लाउडमध्ये सेव्ह ठेवायला प्लस वर्गणी लागते, हेही ध्यानात ठेवा.
- विजा कडाडायला लागल्या की मेनूतून रीतसर बाहेर.

पहिले दहा तास असे काढा

एल्डन रिंग गृहीत धरून सांगतो, पण धडे सगळीकडे लागू आहेत.

सुरुवातीच्या भागातून बाहेर पडताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसेल. नवा माणूस त्याच्या अंगावर जातो, कारण आजवरच्या खेळांनी ‘समोर दिसेल त्याला मारा’ हेच शिकवलेलं असतं. त्याला वळसा घालून जा. ‘डार्क सोल्स’च्या सुरुवातीलाही हातात तुटकी तलवार देऊन अंगावर राक्षस सोडतात, आणि तिथे अपेक्षा असते ती बाजूच्या दारातून पळण्याची. पळणं हीही एक चाल आहे.

- सुरुवातीला ‘व्हॅगाबाँड’ हा सैनिक निवडा. ढाल आणि चिलखत मिळतं.
- मिळालेले रून्स आधी ‘व्हिगर’वर घाला. जीव वाढला की चूक परवडते. तलवारीच्या जोराच्या मागे लागून नव्या मंडळींनी हेच टाळलेलं दिसतं.
- अंगावरचं ओझं 70 टक्क्यांच्या आत ठेवा. त्यावर गेलं की कोलांटी जड होते आणि मार बसतो.
- घोडा मिळाल्यावर एलेहच्या देवळात रात्री परत जा. तिथली रेना आत्मे बोलावण्याची घंटा देते. ती न घेताच मार्गिटपर्यंत गेलेले कितीतरी जण मला भेटले आहेत.
- नव्या बॉसपुढे (म्हणजे मार्गिटसारख्या मोठ्या शत्रूपुढे) पहिले तीन डाव फक्त बघण्यासाठी. मारायचं नाही, जगायचं. आत जाण्याआधी रून्स खर्च करून टाका, म्हणजे हरायची भीती उरत नाही.
- अडलात तर व्हिडिओ बघा, मदत घ्या, जादू वापरा. ‘अशाने खरा विजय नाही’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आत्मे आणि मदतीची हाक या सोयी खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवल्या आहेत.

जमिनीवर इतर खेळाडूंनी लिहिलेले संदेश दिसतील. काही खरे, काही फसवे. ‘पुढे उडी मारा’ असं कड्याच्या टोकावर लिहिलेलं असेल, तर मारू नका. हे सगळं नको असेल तर मेनूतून ऑफलाइन खेळा, फक्त दुसऱ्या खेळाडूला हाक मारता येणार नाही.

कधी थांबायचं?

माझा नियम: एकाच बॉसकडून सलग दहा वेळा हरलो की त्या दिवसापुरतं बंद. झोपून उठल्यावर तोच बॉस दोन-तीन डावांत पडल्याचं मी अनेकदा अनुभवलं आहे. रात्रपाळी करून आलेल्यांनी घरी येताच बॉसशी लढायला बसू नये. डोळा आणि अंगठा एकत्र चालत नाहीत, आणि झोप जाते ती वेगळीच.

रिमोट आपटावासा वाटणं, जेवण टाळणं, खेळासाठी पाळी बुडवणं, घरच्यांशी खोटं बोलणं, यातलं काही नेहमीचं झालं असेल तर खेळ काही दिवस मशिनवरून काढून टाका. तरीही सुटत नसेल तर 14416 या ‘टेली-मानस’ सरकारी क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आई-वडिलांसाठी

तुम्ही मला बहुधा तीन गोष्टी विचारता.

‘सरकारने गेम बंद केले ना?’ ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. एकदाच किंमत देऊन विकत घ्यायचा आणि पैसे जिंकण्या-हरण्याचा संबंध नसलेला खेळ त्या बंदीत येत नाही. एल्डन रिंगमध्ये मध्येच पैसे मागणारी दुकानदारीही नाही. पुढचा मोठा भाग हवा असेल तरच तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

‘कोणत्या वयाला द्यावा?’ एल्डन रिंगला युरोपात 16 आणि अमेरिकेत 17 वर्षांवरचं मानांकन आहे, सेकिरोला युरोपात 18. रक्त आहे, कुरूप मृत्यू आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला माझ्या घरात मी देणार नाही. त्या वयाला ‘होलो नाइट’ चालतो.

‘जेवायला हाक मारली की एक मिनिट म्हणतो आणि अर्धा तास येत नाही.’ वर सांगितलं तसं, हा खेळ खरंच मध्येच थांबत नाही. पानं वाढायच्या दहा मिनिटं आधी हाक मारा आणि ‘पुढच्या ग्रेसला थांब’ असं सांगा. हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला की मुलगा चकित होईल आणि बहुधा उठेलही. तेवढ्या वेळात त्याला थांबायची जागा नक्की सापडते, तेव्हा नंतर सबब ऐकून घेऊ नका.

पैसे, परतावा आणि तुमचे हक्क

- स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याची वेळ 2 तासांच्या आत असेल, तर परतावा मिळतो. एल्डन रिंगमध्ये चेहरा घडवण्यातच काही जण तास घालवतात, तो वेळही मोजला जातो. आधी खेळ आपल्या मशिनवर नीट चालतो का ते बघा, नाक-डोळे नंतर.
- प्लेस्टेशन स्टोअरवर नियम कडक आहे. 14 दिवसांत परतावा मिळतो, पण खेळ उतरवायला सुरुवात केली की सहसा नाही.
- दोन-तीनशे रुपयांत ‘शेअर अकाउंट’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. तो अकाउंट तुमचा नसतो. मूळ मालकाने पासवर्ड बदलला की तुमच्या हाती काही उरत नाही, आणि नियम मोडून घेतलेल्या वस्तूची दाद मागणंही कठीण. क्रॅक केलेल्या खेळातून मशिनमध्ये काय काय शिरतं, हे तर वेगळंच.
- ऑनलाइन फसवणूक झाली तर वाट न बघता 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.
- दुकानातून कन्सोल घेताना पक्कं बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं, तरी सदोष वस्तूबाबत दुकानदाराची त्यातून सुटका होत नाही. बिलावर मुदत दिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात.
- ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा नियम आहे. लेखी तक्रार करा, स्क्रीनशॉट जपा.
- तरीही दाद मिळाली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता मुंबईचा असो वा दिल्लीचा. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो.

आता एक विनंती. रोहा-पेण भागात अनेकांच्या कपाटात अर्धवट सोडलेल्या ‘डार्क सोल्स’च्या किंवा ‘ब्लडबोर्न’च्या डिस्का धूळ खात पडल्या आहेत. तुम्हाला तो खेळ मानवला नसेल तर पाडव्याच्या साफसफाईत टाकून देऊ नका. शेजारच्या, गावातल्या ज्या मुला-मुलीला नवा खेळ परवडत नाही पण वय बसतं, त्यांना द्या. देताना पहिल्या बॉसबद्दल काही सांगू नका.